मीडियम फॉरमॅट घेताना आधी लेन्स पाहावी, बॉडी नंतर

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

फिल्मवरील छायाचित्रणाकडे तरुण पुन्हा वळू लागल्याबद्दल आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख मी आस्थेने वाचला. मराठवाड्यातली मुले-मुली १२० चे रोल मागवून वेरूळ-दौलताबादला जातात आणि बंद पडलेल्या स्टुडिओंच्या माळ्यांवरचे कॅमेरे पुन्हा खाली येतात, हे वाचून फार बरे वाटले. मात्र त्या लेखातील एक सल्ला मला पटला नाही. मीडियम फॉरमॅटचा, म्हणजे ३५ मिमीपेक्षा मोठ्या निगेटिव्हचा कॅमेरा घ्यायचा तर स्वीडनचा महागडा हॅसलब्लाडच घ्यावा आणि तो परवडत नसेल तर पैसे साठेपर्यंत थांबावे, असा त्या सल्ल्याचा आशय होता. अंबाजोगाईत आमच्या घरी स्टुडिओचा व्यवसाय वडिलांपासून चालत आला आहे आणि या प्रकारचे बहुतेक कॅमेरे कधी ना कधी माझ्या हातून गेले आहेत. त्या अनुभवावरून सांगते की नाव पाहून कॅमेरा निवडणारा माणूस बरेचदा चुकीच्या लेन्सवर पैसे घालवतो. आपण कशाचे फोटो काढणार, तेथे उजेड किती असतो आणि कॅमेरा हातात धरणार की ट्रायपॉडवर लावणार, हे आधी ठरवावे. त्यावरून लेन्स आणि शटर ठरते आणि बॉडी त्यांच्या मागून येते.

ज्यांनी हा प्रकार हाताळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १२० चा रोल कोडॅकने १९०१ मध्ये बाजारात आणला आणि तो आजही मिळतो. आपल्याकडे अनेक घरांत असलेला अ‍ॅग्फा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा याच रोलवर बारा चौकोनी फोटो काढत असे. सहा बाय सहाची चौकट प्रत्यक्षात ५६ मिलिमीटर लांब-रुंद असते, तर ३५ मिमी फिल्मची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटर असते. म्हणजे क्षेत्रफळ साडेतीन पटींहून अधिक भरते. बारा इंची चौकोनी प्रिंट काढायची झाल्यास मोठी निगेटिव्ह साडेपाच पटींच्या आतच वाढवावी लागते, पण ३५ मिमीच्या निगेटिव्हमधून तेवढाच चौकोन काढताना ती साडेबारा पटींहून अधिक वाढवावी लागते. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि दगडावरची छिन्नीची खूण मोठ्या निगेटिव्हमध्ये जशी उतरते तशी लहानीत उतरत नाही, त्याचे कारण हेच आहे. एकाच रोलवर ६ बाय ४.५ चे पंधरा-सोळा, ६ बाय ६ चे बारा, ६ बाय ७ चे दहा आणि ६ बाय ९ चे आठ फोटो निघतात. रोलची आजची किंमत पाहता हा फरकही खिशाला जाणवतो.

आता आपल्या भागाचा विचार करू. मराठवाड्यात हौशी छायाचित्रकार सर्वांत जास्त कुठे जातो, तर लेण्यांत आणि जुन्या मंदिरांत. वेरूळसारख्या केंद्रीय संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते आणि अजिंठ्याच्या चित्रांपुढे फ्लॅशला मनाई आहे, जी योग्यच आहे. म्हणजे कॅमेरा हातात धरून, आहे त्या उजेडात काम करणे आले. आमच्या गावच्या हत्तीखाना लेण्यांतल्या मंडपात मागच्या खांबांपाशी उभे राहिले, तर आयएसओ ४०० च्या फिल्मवर एफ ३.५ ला १/१५ सेकंदाच्या आसपास माप येते. (आयएसओ म्हणजे फिल्मची उजेड टिपण्याची क्षमता; एफचा आकडा जितका लहान तितके लेन्सचे छिद्र मोठे.) इथे बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो मोठ्या छिद्राच्या लेन्सचा. पेंटॅक्स ६७ ची १०५ मिमी एफ २.४ किंवा मामिया ६४५ ची ८० मिमी एफ १.९ घ्यावी, म्हणजे अंधाराचा प्रश्न सुटेल, असे वाटते. हिशोब मात्र तसा जमत नाही. एफ ३.५ वरून एफ २.४ वर गेल्याने मिळतो जेमतेम एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड. पेंटॅक्स ६७ चा आरसा मोठा आहे, शटरचा पडदाही मोठा आहे आणि शटर दाबल्यावर त्यांचा दणका हाताला कळतो. १०५ मिमीची लेन्स हातात धरून खात्रीचा फोटो हवा असेल, तर मी १/१२५ च्या खाली जात नाही. याउलट दोन लेन्सच्या, म्हणजे टीएलआर कॅमेऱ्यात हलणारा आरसाच नसतो. गळ्यातला पट्टा ताणून धरला, कॅमेरा पोटाशी टेकवला आणि श्वास रोखला, तर १/१५ वर स्वच्छ निगेटिव्ह मिळते. १/१५ आणि १/१२५ यांत तीन स्टॉपचे अंतर आहे. मोठ्या छिद्राने दिलेला एक स्टॉप वजा केला तरी आरशाने दोन स्टॉप खाल्लेले असतात. मामियाची एफ १.९ ची लेन्स पावणेदोन स्टॉप देते, तरी तिलाही ही तूट पुरती भरून काढता येत नाही. शिवाय एवढे छिद्र उघडले की एका खांबावरची नक्षी स्पष्ट येते आणि शेजारचा खांब धूसर होतो, ते वेगळेच.

म्हणून लेणी, मंदिरे, जत्रा आणि गावातली माणसे हा ज्याचा विषय आहे, त्याने पहिला कॅमेरा टीएलआर घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. सव्वा किलोच्या आसपास वजन, पानासारख्या पात्यांचे शांत शटर आणि वरून खाली पाहण्याचे व्ह्यूफाइंडर या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. डोळ्याला कॅमेरा लावून समोर उभे राहिले की पारावर बसलेला म्हातारा माणूस आवरून-सावरून बसतो. मान खाली घालून कॅमेऱ्यात पाहणाऱ्या माणसासमोर तो आपल्या गप्पा चालू ठेवतो. काचेवर डावे-उजवे उलटे दिसते, पण काही रोल काढले की हात सरावतो.

टीएलआरमध्येही लेन्सचा विचार करूनच निवड करावी. याशिका मॅट १२४ जी आणि रोलायकॉर्डचे झेनार असलेले कॅमेरे यांच्या लेन्स चार काचांच्या, टेसार पद्धतीच्या असतात. रोलायफ्लेक्सच्या वरच्या श्रेणीतील प्लॅनार आणि झेनोटार लेन्समध्ये पाच किंवा सहा काचा असतात. छिद्र पूर्ण उघडे ठेवले तर चार काचांच्या लेन्सचे कोपरे मऊ पडतात आणि प्लॅनारचे टिकून राहतात, हा फरक खरा आहे. परंतु एफ ८ किंवा एफ ११ वर काढलेल्या दोन निगेटिव्ह शेजारी ठेवल्या, तर बारा इंची प्रिंटवर कोणती कशाची हे ओळखणे मलाही कठीण जाते. भर उन्हातल्या मराठवाड्यात एफ ८ ते एफ १६ यांतच बहुतेक काम होते. त्यामुळे उन्हात काम करणाऱ्याने प्लॅनारसाठी कित्येक पट रक्कम मोजण्याआधी दोनदा विचार करावा. त्याऐवजी लेन्स हूड, म्हणजे लेन्सभोवतीचे ऊन अडवणारे कडे, मात्र पहिल्याच दिवशी घ्यावे. जुन्या लेन्सवरचे कोटिंग आजच्यासारखे नसते आणि बाजूने येणारे ऊन काचेवर पडले की काळा रंग राखाडी होतो. इथे आणखी एक व्यवहाराची गोष्ट आहे. याशिका मॅट आणि रोलायकॉर्ड यांना बे वन मापाची फिल्टर-हूड बसतात, रोलायफ्लेक्स ३.५ एफला बे टू लागते आणि २.८ एफला बे थ्री. माप जितके मोठे तितका साधा पिवळा फिल्टरही महाग आणि दुर्मीळ होत जातो. कॅमेऱ्याच्या किमतीत हा खर्च धरलाच पाहिजे.

मंदिराच्या शिखराचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याने लेन्सची निवड बदलते. कॅमेरा वर कलवला की शिखर मागे झुकलेले दिसते. चौकोनी निगेटिव्हचा इथे मोठा आधार होतो. कॅमेरा सरळ धरावा, शिखराचा कळस चौकटीत बसवावा आणि खालची जास्तीची जमीन प्रिंट करताना कापून टाकावी. कडा उभ्या राहतात आणि उरलेली निगेटिव्हही पुरेशी मोठी असते. पण त्यासाठी मागे सरकायला जागा हवी. वेरूळच्या कैलासाच्या प्रांगणात ती जागा नाही; समोर जवळपास ३० मीटर उंचीचा कोरलेला खडक आणि मागे डोंगराची कापलेली भिंत. तेथे ७५ किंवा ८० मिमीची लेन्स तोकडी पडते आणि ५० मिमीची वाइड अँगल लागते, जिचा आवाका ३५ मिमी कॅमेऱ्यावरच्या साधारण २८ मिमी लेन्सइतका असतो. साध्या टीएलआरवर ती बसवता येत नाही. (डोंगरावरच्या वाटेने चढून कड्यावरून खाली पाहिले तर साध्या लेन्समध्येही सारे मंदिर येते. कैलास पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे दुपारनंतर जावे.) ज्याला वाइड लेन्सची खरोखर गरज आहे, त्याने लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांकडे वळावे.

त्यांत सर्वांत कमी चर्चा होते ती मामिया सी ३३० ची, आणि मला वाटते तिच्यावर हा अन्याय आहे. हा टीएलआरच आहे, पण लेन्सची जोडी काढून दुसरी बसवता येते. ५५ मिमीपासून २५० मिमीपर्यंत जोड्या निघाल्या आणि प्रत्येक जोडीत स्वतःचे शटर असते. एका जोडीचे शटर बिघडले तरी दुसऱ्या जोडीवर काम चालते. दुरुस्ती करणारा माणूस शोधायला पुणे-मुंबई गाठावी लागणाऱ्या आमच्यासारख्यांना ही फार मोलाची सोय आहे. फोकस बेलोजने, म्हणजे पेटीच्या भात्यासारख्या घडीने होतो, म्हणून होट्टलच्या सिद्धेश्वर मंदिरावरच्या सुरसुंदरीच्या चेहऱ्याइतके जवळ जाता येते. मात्र जवळ गेल्यावर वरची लेन्स जे पाहते तेच खालची टिपत नाही. काचेवर सरकणारी खुणेची पट्टी पाहून चौकट थोडी वर घ्यावी लागते.

लग्नाचे किंवा माणसांचे काम करणाऱ्याने शटर कुठे आहे हे आधी विचारावे. पेंटॅक्स ६७ मध्ये शटर बॉडीत, फिल्मपुढे असते आणि साध्या लेन्सवर फ्लॅश १/३० सेकंदापर्यंतच जुळतो. दुपारचा मुहूर्त, डोक्यावर ऊन, फेट्याखाली नवरदेवाच्या डोळ्यांवर काळी सावली, असा प्रसंग आपल्याकडे नेहमीचा आहे. आयएसओ १०० च्या फिल्मवर उन्हाचे माप साधारण १/१२५ ला एफ १६ येते. १/३० वर जायचे तर एफ ३२ लागेल, आणि १०५ मिमीची लेन्स एफ २२ लाच थांबते. लेन्समध्येच शटर असलेल्या हॅसलब्लाडवर, ब्रोनिकाच्या इटीआरएसवर किंवा रोलायफ्लेक्सवर १/५०० ला एफ ८ ठेवता येते आणि फ्लॅश तरीही जुळतो. तीन मीटरवरून एफ १६ ला पुरता उजेड पाडायला ४८ गाइड नंबरचा (हा आकडा म्हणजे फ्लॅशची ताकद) फ्लॅश लागतो, एफ ८ ला २४ चा पुरतो. खिशात मावणाऱ्या फ्लॅशने काम होते. त्याच पेंटॅक्सवर संध्याकाळच्या सावलीत, ओसरीच्या तोंडाशी बसवलेल्या माणसाचे पोर्ट्रेट काढले तर १०५ मिमीची लेन्स जे देते ते दुसरीकडे सहज मिळत नाही, हेही सांगितले पाहिजे. तिच्या जुन्या टाकुमार आवृत्तीत थोरियमयुक्त काच असते आणि ती कालांतराने पिवळी पडते. रंगीत फिल्म वापरणाऱ्याने पांढऱ्या कागदावर लेन्स धरून हा पिवळेपणा पाहून घ्यावा.

मामिया आरबी ६७ बद्दल थोडक्यात. १९७० साली आलेला हा कॅमेरा पूर्ण यांत्रिक आहे, त्याला बॅटरी लागत नाही, मागचा फिल्मचा भाग फिरवून आडवी-उभी चौकट बदलता येते आणि त्याच्या लेन्स उत्तम असूनही हॅसलब्लाडच्या मानाने स्वस्त आहेत. स्टुडिओसाठी आणि ट्रायपॉडसाठी याहून चांगला पर्याय मला ठाऊक नाही. पण लेन्ससह वजन अडीच किलोच्या वर जाते. ट्रायपॉडची परवानगी नसलेल्या लेण्यात तो घेऊन जाणाऱ्याची दमछाक होईल आणि फोटो हलतील. मामिया ७ आणि फुजी जीडब्ल्यू ६९० हे रेंजफाइंडर (आरशाऐवजी वेगळ्या खिडकीतून पाहून फोकस जुळवण्याचे) कॅमेरेही निसर्गचित्रांसाठी उत्कृष्ट आहेत, पण मामिया ७ इलेक्ट्रॉनिक असून त्याची किंमत आता आवाक्याबाहेर गेली आहे आणि फुजीची लेन्स बदलता येत नाही.

आणि हॅसलब्लाड? १९५७ च्या ५०० सी पासून सुरू झालेली ती मालिका आणि तिच्या झाइस लेन्स यांविषयी मला पूर्ण आदर आहे. ८० मिमी प्लॅनारच्या सोबत १५० मिमी सोनार घेतली की माणसांच्या कामात काही उणे राहत नाही. पण तो कॅमेरा शिस्त मागतो. बॉडी आणि लेन्स दोन्ही कॉक केलेल्या, म्हणजे शटर ताणून तयार ठेवलेल्या असल्याखेरीज एकमेकींपासून वेगळ्या करू नयेत. नाही तर पुन्हा जोडताना अडकून बसतात. जुन्या सी मालिकेच्या लेन्समधील कॉम्पुर शटरचे सुटे भाग मिळणे अवघड झाले आहे, म्हणून १९८२ नंतरच्या सीएफ मालिकेला मी प्राधान्य देईन. फिल्मचे मॅगझीन, म्हणजे कॅमेऱ्यामागे बसणारी फिल्मची डबी, घेताना आतल्या भागावर कोरलेले तीन आकडे आणि बाहेरच्या कवचाच्या क्रमांकातील शेवटचे तीन आकडे जुळतात का, हे अवश्य पाहावे. न जुळणारी जोडी असेल तर दोन फोटोंमधले अंतर कमी-जास्त होण्याची शक्यता असते. डार्क स्लाइडच्या, म्हणजे मॅगझीन काढताना फिल्म झाकणाऱ्या पत्र्याच्या, फटीतील सील जुने असेल तर चौकटीच्या कडेला उजेड घुसतो. हे सारे सांभाळणाऱ्याने तो खुशाल घ्यावा. तो परवडत नाही म्हणून तोवर हात बांधून बसण्याचे मात्र काहीही कारण नाही.

कोणताही कॅमेरा घ्या, लेन्स उजेडात नुसती वरून पाहू नका. शटर बी वर (बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे राहते ती खूण) उघडे धरून, छिद्र पूर्ण उघडून मागून मोबाइलचा टॉर्च टाकावा आणि पुढून तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर बुरशी, दुधाळ थर दिसला तर काचेच्या आतला धुरकटपणा, आणि कडेला इंद्रधनुष्यासारखी कमान दिसली तर चिकटवलेल्या काचा सुटू लागल्या आहेत असे समजावे. पुढच्या काचेवरच्या एक-दोन ओरखड्यांनी फोटो बिघडत नाही. मागच्या काचेवरचा ओरखडा आणि आतला धुरकटपणा मात्र बिघडवतो. आपल्याकडे हवा कोरडी असते म्हणून बुरशी धरत नाही हा समज खरा नाही. पावसाळ्याचे चार महिने चामड्याच्या बंद केसमध्ये, कपाटाच्या तळाशी राहिलेल्या लेन्सला ती धरतेच.

त्यानंतर शटर एका सेकंदावर ठेवून कानाजवळ धरावे. आतल्या चाकांची कुरकुर सेकंदभर एकसारखी ऐकू आली पाहिजे. मध्येच अडखळून पुन्हा सुरू झाली किंवा पाती अर्धवट उघडी राहिली तर वंगण सुकले आहे. हा दोष उन्हाळ्यात लपतो आणि डिसेंबरच्या पहाटे उघड होतो, म्हणून शक्य असेल तर कॅमेरा थंडीत तपासावा. जुन्या लेन्सवर फ्लॅशसाठी एक्स आणि एम अशा खुणा असतात. खटका एम वर राहिला तर आजचा फ्लॅश शटर उघडण्याआधीच पेटून जातो आणि अख्खा रोल काळोखा निघतो. तो एक्सवर आहे ना, हे दर वेळी पाहावे. व्ही ही खूण सेल्फ टायमरची असते आणि जुन्या शटरमध्ये तीच बहुधा आधी अडकते. तिला हात लावू नये. बॅटरीवर चालणारा कॅमेरा असेल तर सहा व्होल्टची ती छोटी बॅटरी तालुक्याच्या गावात मिळेल असे धरून चालू नये. दोन जास्तीच्या बॅगेत ठेवाव्यात. ब्रोनिका इटीआरएस बॅटरीविना निदान १/५०० वर तरी चालतो, पेंटॅक्स ६७ मुळीच चालत नाही.

आपल्या पुरवणीला माझी एक विनंती आहे. अशा लेखांसोबत कॅमेऱ्यांच्या नावांची यादी देण्याऐवजी, विक्रेत्याकडे त्याच कॅमेऱ्याने आणि त्याच लेन्सने नुकताच काढलेला, डेव्हलप केलेला एक पूर्ण रोल मागावा, ही सूचना ठळकपणे छापावी. निगेटिव्हची न कापलेली पट्टी हातात आली की चौकटींमधले अंतर, कडेने शिरलेला उजेड, शटरचा वेग आणि लेन्सचा धुरकटपणा या सगळ्यांची साक्ष एकाच ठिकाणी मिळते. ज्या घरांत जुन्या स्टुडिओचे सामान पडून आहे, त्यांनीही ते भंगारात घालण्याआधी लेन्सची अशी तपासणी करून घ्यावी. बॉडी निकामी झालेली असली तरी सी ३३० ची किंवा आरबीची चांगली लेन्स दुसऱ्या कुणाच्या कॅमेऱ्यावर पुढची कित्येक वर्षे काम देऊ शकते.

आपली विश्वासू,
एक छायाचित्रकार
अंबाजोगाई, जि. बीड